ठसठशीत अक्षरांचे धनी : जावजी दादाजी

मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास सांगताना ग्रंथांची आणि ग्रंथकारांची नावे आदराने घेतली जातात. ज्या अक्षरांतून ते ग्रंथ वाचकांच्या हाती आले ती अक्षरे कोणी घडविली, याची चौकशी सहसा होत नाही. छापलेले अक्षर जितके चांगले तितके ते वाचताना नजरेआड होते आणि त्याच्याबरोबर ते घडविणाराही नजरेआड होतो. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांना काळाने थोडी सवलत दिली आहे. संस्कृतच्या अभ्यासकाला जुन्या ग्रंथाची खात्रीची प्रत हवी असली, की तो निर्णयसागरची प्रत शोधतो. परंतु त्या प्रतीची कीर्ती शुद्ध पाठाइतकीच तिच्या काळ्याभोर, ठसठशीत अक्षरांवर उभी आहे, आणि ती अक्षरे घडविणाऱ्या घराचा धनी एके काळी खिळे घासणारा पोऱ्या होता, ही गोष्ट ग्रंथप्रेमींच्या वर्तुळाबाहेर फारशी ठाऊक नाही.

जावजींचा जन्म १८३९ सालचा. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि शाळेतील शिक्षण जेमतेम अक्षरओळखीपर्यंत पोहोचले असेल तोच पोटासाठी काम धरावे लागले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर लागले. काम होते खिळे घासण्याचे. छापखान्याशी संबंध नसलेल्या आजच्या वाचकाला हे काम काय असते याची कल्पना येणार नाही, म्हणून ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

धातूचा खिळा तयार होतो तो तीन पायऱ्यांनी. प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. हा पंच. तो कोरताना कारागीर मधूनमधून त्याचे टोक ज्योतीवर धरून काजळी बसवतो आणि कागदावर दाबून अक्षर कसे उमटते ते पाहतो. रेघ किंचित जाड वाटली तर पुन्हा कानस. पंच मनासारखा झाला की त्याला पाणी देऊन कठीण करायचे आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचे. त्या खोलगट ठशाला मातृका म्हणतात. मातृका साच्यात बसवून तीत शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा बाहेर पडतो. पण तो तसाच वापरता येत नाही. त्याच्या शेपटाकडचा जादा भाग तोडावा लागतो, कडा दगडावर घासून सारख्या कराव्या लागतात. एका खिळ्याची बाजू केसभर जाड राहिली तर सगळी ओळ वाकडी होते. दिवसभर शिशाच्या भुकटीत बसून हे काम करणाऱ्या मुलाच्या बोटांना अक्षराची उंची, रुंदी आणि वजन हळूहळू पाठ होते. जावजींची शाळा ती हीच.

ती शाळा साधी नव्हती. मिशनच्या त्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम या कारागिराने देवनागरी खिळे घडविण्याच्या कामी मोठी मजल मारली होती. देवनागरीचे दुखणे असे, की अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांट्या, रफार व अनुस्वार, पायाशी उकार आणि पोटात जोडाक्षरे. इंग्रजीला जेवढे खिळे पुरतात त्याच्या कितीतरी पट खिळे देवनागरीच्या पेटीत लागतात, आणि इतके करूनही वरची वेलांटी अक्षरापासून सुटलेली दिसते. एका ओळीचे वरचा, मधला व खालचा असे तीन थर करून ते वेगवेगळ्या खिळ्यांनी जुळवायचे, ही मुंबईकडे रूढ झालेली युक्ती. छापखान्यांतून ती डिग्री पद्धत म्हणून ओळखली जाई. त्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांनी १८०५ साली मराठी व्याकरण छापले होते. त्याच वर्षी मिरजेस गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली गेली. परंतु मराठी डोळ्याला रुचेल, आपल्या लेखकाच्या बोरूतून उतरल्यासारखे वाटेल असे शिशाचे अक्षर मिळायला आणखी काही दशके जावी लागली.

या रुचण्याच्या प्रश्नाला त्या काळी धर्माचीही किनार होती. छापाच्या शाईत चरबी असते या समजुतीने सोवळी मंडळी छापील पोथीला शिवत नसत. याच मिशन छापखान्यात उमेदवारी केलेल्या गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरून या आक्षेपाला उत्तर दिले आणि १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. शाईचा प्रश्न असा सुटला, अक्षराचा उरला. शिळाछापात लेखकाने हाताने लिहिलेलेच अक्षर दगडावर उतरते, त्यामुळे ते ओळखीचे वाटते. खिळ्याचे अक्षर परके वाटे. देव्हाऱ्याजवळ ठेवावयाच्या पोथीत परके अक्षर कोणाला चालणार?

मिशनच्या छापखान्यानंतर जावजींनी टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश आणि ओरिएंटल अशा छापखान्यांत नोकऱ्या केल्या आणि खिळे ओतण्यात चांगला हातखंडा मिळविला. १८६४ साली त्यांनी खिळे पाडण्याचा स्वतःचा लहानसा कारखाना काढला. पदरी भांडवल म्हणावे असे काही नव्हते. होती ती कारागिरी आणि राणूजी रावजी आरू यांच्यासारख्या कुशल सहकाऱ्याची सोबत. निर्णयसागरच्या अक्षरांचे वळण ज्या हातांनी पोलादात कोरले गेले ते हात मुख्यतः राणूजींचे. जावजींचे नाव घेताना हे दुसरे नाव विसरणे अन्यायाचे होईल. पाच वर्षांनी, १८६९ मध्ये, निर्णयसागर छापखाना सुरू झाला. हे नाव ऐकले की कमलाकर भट्टांच्या निर्णयसिंधूची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पुढे काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीचा पत्ता संस्कृत जाणणाऱ्या साऱ्या जगाला ठाऊक झाला.

निर्णयसागरने लहानमोठे अनेक प्रकारचे खिळे पाडले. त्यांतील बारीक अक्षरांची तारीफ पुष्कळांनी केली आहे. येथे विचार करावयाचा आहे तो मोठ्या, जाड अक्षरांचा, ज्यांना छापखान्याच्या बोलीत काळा टाइप म्हणत. हे अक्षर दिसते कसे? तिरप्या कापलेल्या बोरूने भरपूर शाई घेऊन सावकाश लिहावे तसे. शिरोरेघ भरघोस, काना सरळ आणि भारदस्त, वळणांत जाड रेघ एकदम बारीक न होता क्रमाक्रमाने निमुळती होणारी. क, भ, श यांच्या गाठी गोल आणि भरीव, ळ दोन डोळ्यांनी पाहिल्यासारखा. त्यात नक्षी वेगळी जोडलेली नाही; जी शोभा आहे ती बोरूच्या चालीतूनच आलेली. इंग्रजी छापखान्यांत त्या काळी जाहिरातींसाठी सावल्या पाडलेली, वेलबुट्टी चढविलेली अक्षरे निघत होती. जावजींना ती दिसली नसतील असे मानता येत नाही. पण देवनागरीचे जाड अक्षर घडविताना त्यांच्या कारखान्याने नमुना घेतला तो घरचा, हस्तलिखित पोथीचा.

जाड देवनागरी अक्षर घडविणे हे बारीक अक्षर नुसते फुगविण्याइतके सोपे नाही. अक्षराच्या पोटात जी पांढरी जागा असते तिच्यामुळे ते वाचता येते. रोमन लिपीत ही जागा प्रशस्त असते. ष, छ, क्ष, ण, ज्ञ या आपल्या अक्षरांत ती मुळातच अरुंद. रेघ थोडी जाड झाली की शाईने बुजते आणि ष व प यांत फरक राहत नाही. वर मात्रा व खाली उकार यांना जागा सोडावी लागत असल्याने अक्षराला उंची वाढवून सुटकाही करून घेता येत नाही. म्हणून काळे अक्षर मोठ्या आकारातच शोभते. लहान आकारात ते आपलाच गळा दाबते. हे गणित ज्याने खिळे घासता घासता बोटांनी शिकले त्यालाच नीट कळणार.

आता या अक्षराचा उपयोग. येथे जावजींची जाण खरी दिसते. हस्तलिखित पोथ्यांत अध्यायाचा आरंभ, समाप्तीचे वाक्य, बोलणाऱ्याचे नाव, श्लोकाचा दंड हे सारे तांबड्या शाईने लिहिण्याची किंवा गेरूने रंगविण्याची चाल होती. काळ्या मजकुरात डोळ्याला थांबण्याची ती ठिकाणे. छापखान्यात दुसरा रंग म्हणजे तोच कागद दुसऱ्यांदा यंत्राखाली घालायचा. खर्च वाढणार आणि पोथी सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेर जाणार. यावर उपाय म्हणून छापील पोथीत तांबड्या शाईचे काम काळ्या, जाड अक्षराने करावयाचे. निर्णयसागरच्या पानांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांची रचना एकदम उलगडते. जाड अक्षर तेथे सजावटीसाठी येत नाही, ते वाट दाखविण्यासाठी येते. आणि म्हणूनच बेताने येते.

संस्कृत काव्ये टीकेसह छापताना या पद्धतीने कमाल साधली. मूळ श्लोक मोठ्या, भारदस्त खिळ्यांत; त्याखाली मल्लिनाथासारख्या टीकाकाराचे भाष्य लहान अक्षरांत; त्याहून लहान अक्षरांत तळाशी पाठभेद. एका पानावर तीन माणसे बोलत आहेत आणि कोण कोणत्या आवाजात बोलतो आहे हे न वाचताच कळते. टीकेत श्लोकातील शब्द उचलून धरायचा असला तर तेवढाच शब्द वेगळ्या वजनाचा. विद्यार्थ्याचे बोट कोठे ठेवायचे हे पानच सांगते. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली १८८६ पासून निघू लागलेल्या काव्यमालेने अप्रसिद्ध संस्कृत काव्यांचे भांडार खुले केले, त्याला ही बैठक लाभली होती. थोडेफार शिकलेल्या एका मुंबईकर कारागिराच्या छापखान्यात शास्त्री-पंडित मुद्रिते तपासायला बसत, आणि ती प्रत युरोपातील प्राच्यविद्येच्या अभ्यासकांच्या टेबलावर जाई. या प्रतींबरोबर अ, झ, ण या अक्षरांची मुंबईकडची वळणेही सर्वदूर गेली. पुढे हिंदीच्या प्रमाण लिपीतही हीच वळणे स्वीकारली गेली, याचे सगळे श्रेय एका छापखान्याला देता येणार नाही. पण वाटा मोठा असावा.

मात्र पंडितांच्या पसंतीपेक्षा अवघड अशी या अक्षराची कसोटी दूरच्या गावांत लागत होती. उदाहरणादाखल आजचा हिंगोली जिल्हा घ्यावा. परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. जावजींच्या काळात हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचे ठाणे होते. दरबारची भाषा फारसी, १८८४ पासून उर्दू. सरकारी कागद नस्तालिक वळणाचा. हे वळण खिळ्यांत नीट बसत नसल्यामुळे उर्दू छपाई दगडावरच चाले. सावकाराची वही आणि घरचे पत्र मोडीत. अशा ठिकाणी बालबोध अक्षर सामान्य माणसाच्या दृष्टीस पडायचे ते प्रामुख्याने पोथीत. ज्या नरसी गावाशी संत नामदेवांचे नाव जोडले गेले आहे, ज्या औंढ्याच्या नागनाथ देवळात विसोबा खेचरांनी नामदेवांचे डोळे उघडल्याची कथा सांगितली जाते, ती गावे याच जिल्ह्यात. नामदेवांची पदे गुरुमुखी लिपीतून शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात कधीच पोहोचली होती. त्यांच्या जन्मभूमीकडच्या माणसाला मात्र छापील बालबोध अक्षर मुंबई-पुण्याकडून येण्याची वाट पाहावी लागत होती.

चातुर्मासात देवळात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पोथी लागते. वाचणारा एक, ऐकणारे पन्नास. उजेड समईचा, फार तर कंदिलाचा. वाचणाऱ्याचे वय उताराला लागलेले आणि चष्मा ही चैन. मांडी घालून बसलेल्या त्या माणसापासून चौरंगावरची पोथी हात-दीड हात लांब. अशा वेळी बारीक अक्षर कितीही सुबक असले तरी कामाचे नाही. ओवी संपली कोठे, अध्याय बदलला कोठे, हे नजर न अडखळता कळले पाहिजे. सुराला मध्येच खीळ बसली तर श्रोत्यांची तंद्री मोडते. आडव्या, सुट्या पानांच्या छापील पोथीला मोठा टाइप हवा असतो तो या गरजेपोटी. बारीक टाइपात कागद वाचतो हे खरे, पण ती काटकसर वाचकाच्या डोळ्यांवर पडते. पोथीच्या व्यवहारात मोठ्या टाइपाची प्रत ही ग्राहकाची मागणीच होऊन बसली आणि पुढे कित्येक प्रकाशकांनी आपल्या जाहिरातींत मोठा टाइप हे शब्द आवर्जून घातले. खुद्द मराठीचे शिक्षण जेथे दुर्मीळ होते, तेथे अनेकांनी ही मोठी अक्षरे पाहून पाहूनच वाचन शिकून घेतले असेल.

मुलांच्या वाचनाकडेही जावजींचे लक्ष गेले. विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध हे मासिक १८८१ मध्ये सुरू झाले, त्याच्या मागे निर्णयसागर उभा होता. मुलांसाठीच्या मजकुराला स्वच्छ छपाई आणि उठावदार शीर्षके लागतात, ही गोष्ट आज पाठ्यपुस्तक मंडळांना सांगावी लागत नाही. तेव्हा ती कोणीतरी पहिल्यांदा ओळखावी लागली. जुन्या मराठी कवींसाठी वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली काव्यसंग्रह निघाला. मोरोपंत, वामन पंडित यांच्या रचना फडक्यात बांधलेल्या बाडांतून सुटून महाराष्ट्रभर गेल्या. या उपक्रमांत नफ्याचा हिशोब नेहमी जुळत असेल असे वाटत नाही. खिळ्यांच्या विक्रीवर छापखाना चालायचा आणि छापखान्याच्या नावावर खिळे विकले जायचे, असा तो व्यवहार. गावोगावचे छापखाने निर्णयसागरचा टाइप मागवीत, आणि त्यामुळे एका कारखान्याचे वळण हेच मराठीचे छापील वळण अशी समजूत दृढ झाली.

या यशाला एक दुसरी बाजूही होती, ती नमूद केली पाहिजे. एकच वळण इतके मान्य झाले की पुढील काळात निराळे काही घडविण्याची निकड फारशी कोणाला वाटेना. नाटकाची जाहिरात असो, औषधाची बाटली असो वा पोथी, काळा टाइप तोच. त्याच अक्षरात हरिविजय आणि त्याच अक्षरात केसांचे तेल. ज्या ठिकाणी वेगळी शोभा हवी होती तेथे छापखान्यापेक्षा रंगाऱ्याचा आणि चित्रकाराचा हात चालला. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षररचनाकारांनी विसाव्या शतकात नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक नावाला वेगळा चेहरा दिला, तो कुंचल्याने. खिळ्यांच्या पेटीत तो सापडण्यासारखा नव्हता.

संगणक आला आणि ही पेटीच गेली. जाड अक्षरासाठी आता पोलाद कोरावे लागत नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने मोदक नावाचा एक देवनागरी फाँट केला आहे. इतका गुबगुबीत, की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा केवळ रेघेपुरती उरते. दुकानाची पाटी, मिठाईचे खोके, बालनाट्याचे नाव यांवर तो फारच गोड दिसतो आणि तो करणाऱ्यांनाही त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा आहे. पण कोणत्याही गावाच्या चौकात लागलेले फ्लेक्सचे फलक पाहावेत. नेत्याचे नाव जाड, गावाचे नाव जाड, शुभेच्छुकांची पन्नास नावेही जाड, वर प्रत्येकाला पिवळी कड आणि तांबडी सावली. सगळेच ओरडू लागल्यावर ऐकायचे कोणाचे? वाढदिवस कोणाचा आहे हे शोधायला फलकासमोर उभे राहावे लागते. अध्यायाचे नाव काळ्या अक्षरात घालून बाकीचे पान मोकळे ठेवणाऱ्या जुळाऱ्याला हा प्रकार पाहून हसू आले असते.

जावजी दादाजी ५ एप्रिल १८९२ रोजी वारले. वय त्रेपन्नच्या आसपास. योगायोग असा, की काव्यमालेचे पंडित दुर्गाप्रसादही त्याच वर्षी गेले. मोठी फळी कोसळली तरी काम थांबले नाही. चिरंजीव तुकाराम जावजी यांनी छापखाना सांभाळला आणि वाढविला. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकरांसारखे विद्वान संपादनाला लाभले. त्यानंतरच्या ग्रंथांवर प्रकाशक म्हणून पांडुरंग जावजी यांचे आणि पुढे सत्यभामाबाई पांडुरंग यांचे नाव येते. संस्कृत ग्रंथप्रकाशनाच्या त्या पुरुषी जगात एका स्त्रीचे नाव मुखपृष्ठावर छापले जात होते, याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही.

जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत या प्रती अजून आहेत. कागद पिवळा पडला आहे, कडा तुटू लागल्या आहेत; शाई मात्र बहुतेक ठिकाणी काळीच्या काळी. मुखपृष्ठ उघडले की मध्यभागी ग्रंथाचे नाव मोठ्या, भरदार अक्षरांत, त्याखाली टीकाकाराचे त्याहून लहान, मग संपादकाचे; आणि छापखान्याचे व मालकाचे नाव अगदी तळाशी, बारीक खिळ्यांत.